विमा होता, तरी कॅमेऱ्याचे पैसे का मिळाले नाहीत? फिरत्या सामानाच्या विम्याचा धडा



मागच्या व्हिडिओत आपण दुकानाच्या आगीच्या विम्याबद्दल बोललो. चोरीचा विषय मोठा आहे म्हणून तो वेगळा ठेवला होता. आज तोच घेऊ. व्हिडिओत आकडे पटापट पुढे जातात, म्हणून इथे सगळं नीट लिहून देतोय. वही-पेन जवळ ठेवा, शेवटी गृहपाठ आहे.

हा धडा कोणासाठी? ज्यांच्या धंद्याचं भांडवल बॅगेत मावतं, त्यांच्यासाठी. लग्नाचे फोटोग्राफर, व्हिडिओवाले, साउंडवाले, एसी दुरुस्त करणारे, फर्निचरचे मिस्त्री, टोटल स्टेशन घेऊन फिरणारे सर्व्हेयर. माझं स्वतःचं पॉवर टूल्सचं दुकान आहे. गिऱ्हाईक मशिन घेताना वॉरंटी किती, सर्व्हिस कुठे, कार्बन ब्रश मिळतात का, सगळं विचारतं. "हे मशिन साइटवरून गेलं तर काय?" हे मात्र फार कमी जण विचारतात.

आणि ज्यांनी विमा घेतलेला असतो, त्यातल्या बऱ्याच जणांना तो कशाचा आहे हे माहीत नसतं. म्हणून आजच्या धड्याचं एकच वाक्य आधी वहीत लिहा:

चोरी झाली म्हणून विमा मिळत नाही. पॉलिसीत लिहिलेली वस्तू, लिहिलेल्या जागेवरून, लिहिलेल्या प्रकारे गेली, तर मिळतो.

क्लेम आला की कंपनी चार प्रश्न विचारते. वस्तू कुठे होती? कशी गेली? तुमचीच होती कशावरून? आणि विमा किती रकमेचा होता? हे चार प्रश्न आज स्वतःला विचारले, तर त्या दिवशी रडायची वेळ येत नाही.

आधी हातातली पॉलिसी बघा

कर्ज काढून धंदा टाकलेल्यांकडे बहुतेक वेळा बँकेने करून दिलेला विमा असतो. प्रीमियम खात्यातून कापला जातो, कागद फाइलमध्ये जातो, आणि मालक म्हणतो, "आपला सगळा विमा आहे." फाइल काढा आणि पॉलिसीचं नाव वाचा.

१ एप्रिल २०२१ पासून छोट्या धंद्यांसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' नावाची ठरावीक नमुन्याची पॉलिसी आहे. एका जागेवरची एकूण मालमत्ता ५ कोटींपर्यंत असेल तर ही लागू होते. पॉलिसी चांगली आहे. आग, वीज, वादळ, पूर, दंगल असं बरंच काही त्यात येतं. पण चोरीचं कलम नीट वाचा. आग किंवा पुरासारख्या घटनेमुळे, आणि त्या घटनेनंतर ७ दिवसांच्या आत चोरी झाली, तरच ती यात बसते. म्हणजे पुरात शटर तुटलं आणि दोन दिवसांनी कोणी माल उचलला, तर चालेल. साध्या रात्री कुलूप तोडून चोर आला, तर एवढी पॉलिसी पुरत नाही. त्यासाठी घरफोडीचा म्हणजे बर्गलरीचा विमा वेगळा घ्यावा लागतो, किंवा शॉपकीपर पॅकेजमध्ये तो भाग घेतलेला असावा लागतो.

प्रश्न पहिला: वस्तू कुठे होती?

बर्गलरी पॉलिसी जागेला चिकटलेली असते. पॉलिसीवर तुमच्या दुकानाचा किंवा स्टुडिओचा पत्ता असतो, आणि त्या पत्त्यावरचं सामान कव्हर असतं. आता विचार करा. लग्नाच्या सीझनमध्ये फोटोग्राफरचा कॅमेरा स्टुडिओत किती वेळ असतो? आज सांगली, उद्या बारामती, परवा प्री-वेडिंगसाठी गोवा. सामान जेव्हा सगळ्यात जास्त धोक्यात असतं, तेव्हाच ते पॉलिसीच्या पत्त्याबाहेर असतं.

फिरत्या सामानासाठी दोन रस्ते आहेत. एक, 'ऑल रिस्क' प्रकारची पॉलिसी. दोन, इलेक्ट्रॉनिक इक्विपमेंट पॉलिसी, पण त्यात 'पोर्टेबल' सामानाचं, म्हणजे जागेबाहेर नेण्याचं कव्हर जोडून घेतलेलं हवं. एजंटला स्पष्ट विचारा: "हे सामान माझ्या दुकानाबाहेर, मंगल कार्यालयात, गाडीत, हॉटेलच्या खोलीत असेल तेव्हा कव्हर आहे का?" उत्तर तोंडी घेऊ नका. "पॉलिसीत कोणत्या पानावर आहे ते दाखवा," म्हणा.

दोन बारीक गोष्टी इथेच बघून घ्या. पहिली गाडी. बहुतेक पॉलिसींमध्ये कोणी नसलेल्या गाडीतून झालेल्या चोरीला अटी असतात. गाडी पूर्ण बंद आणि लॉक हवी, तोडल्याच्या खुणा हव्यात. काही ठिकाणी रात्री गाडीत ठेवलेलं सामान चालतच नाही. उघड्या टेम्पोत ताडपत्रीखाली ठेवलेलं साउंडचं सामान घेऊन क्लेमला गेलात, तर अवघड आहे. दुसरी गोष्ट देश. कव्हर साधारण भारतापुरतं असतं. दुबईच्या लग्नाची ऑर्डर आली, तर निघण्याआधी कंपनीकडून लेखी वाढवून घ्या.

प्रश्न दुसरा: कशी गेली?

धड्याचा सगळ्यात महत्त्वाचा भाग हा. आपल्या बोलण्यात चोरी म्हणजे चोरी. विम्याच्या भाषेत मात्र चार वेगळ्या गोष्टी आहेत.

*घरफोडी.* कुलूप, शटर, खिडकी तोडून किंवा कोणाला धमकावून, मारहाण करून माल नेला. बर्गलरी पॉलिसी मुळात याच्यासाठी आहे.

*साधी चोरी.* शटर उघडं होतं, गिऱ्हाइकांची गर्दी होती, काउंटरवरची लेन्स कोणीतरी उचलली. कायद्याने ही चोरीच आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मधली चोरीची व्याख्या बघा, त्यात तोडफोड लागत नाही. पण बर्गलरी पॉलिसीची स्वतःची व्याख्या असते, आणि त्यात बळजबरीने आत शिरणं लिहिलेलं असतं.

इथे बरेच जण म्हणतात, "सर, कोर्टात जाऊ की!" कोर्टात हा मुद्दा जाऊन आलाय. युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध हरचंद राय चंदन लाल या २००४ च्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पॉलिसीत व्याख्या दिलेली असेल, तर तीच लागू होणार. फौजदारी कायद्यातली चोरीची व्याख्या आणून चालणार नाही. त्याच निकालात कोर्टाने हेही नमूद केलं की ही व्याख्या फार कडक आहे आणि कंपन्यांनी ती सुधारायला हवी. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने दुसऱ्या एका प्रकरणात पुन्हा हेच धरलं, बळजबरीच्या प्रवेशाची खूण नाही तर बर्गलरीचा क्लेम नाही. त्यामुळे साधी चोरी हवी असेल, तर ती पॉलिसी घेतानाच मागून घ्या. पॉलिसीत 'थेफ्ट' हा शब्द वेगळा आहे का, ते बघा.

*आपल्याच माणसाने नेलं.* सीझनला दोन पोरं रोजाने घेतली, त्यातला एक बॅटऱ्या आणि गिंबल घेऊन गायब. बर्गलरी पॉलिसीत कामगार, घरचे लोक, जागेत रीतसर असलेली माणसं यांनी केलेली चोरी साधारण वगळलेली असते. कामगारांच्या अफरातफरीसाठी 'फिडेलिटी गॅरंटी' नावाचा वेगळा विमा आहे. त्यातही कोण कामगार कव्हर आहे हे ठरलेलं असतं. रोजंदारीवरचा पोरगा त्यात येतो का, हे आधी विचारा.

*हरवलं.* एसटीत बॅग राहिली. हॉलमधून निघताना मोजलं तर एक लेन्स कमी. कधी, कुठे, कोणी, काहीच सांगता येत नाही. चोरीच्या बहुतेक पॉलिसींमध्ये असं 'कसं गेलं माहीत नाही' प्रकारचं नुकसान बसत नाही. ऑल रिस्कमध्ये काही वेळा बसतं, पण नाव ऑल रिस्क आहे म्हणून सगळं आलं असं समजू नका. प्रत्येक पॉलिसीला वगळलेल्या गोष्टींची यादी असते. आधी ती वाचा, मग फायद्यांचं पान.

आणि एक. कॅमेऱ्याचा विमा म्हणजे कार्डातल्या फोटोंचा विमा नव्हे. बॅग गेली तर कंपनी फार तर वस्तूची किंमत देईल. नवरीच्या बापाला काय सांगायचं, ते तुम्हालाच बघावं लागेल. म्हणून रात्री झोपण्याआधी कार्ड कॉपी करा आणि ती हार्ड डिस्क कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवू नका.

प्रश्न तिसरा: तुमचीच होती कशावरून?

विमा कागदावर चालतो. तुमच्या नावाचं जीएसटी बिल, त्यावर सिरियल नंबर, हे सगळ्यात भक्कम. पण आपल्याकडे कसं असतं? बॉडी नवीन, लेन्स मित्राकडून सेकंडहँड, फ्लॅश कोणाच्या भावाने परदेशातून आणलेला. अशा वस्तूंसाठी आजच एवढं करा:

१. विकणाऱ्याकडून साध्या कागदावर लिहून घ्या. वस्तू, सिरियल नंबर, रक्कम, तारीख, दोघांच्या सह्या. पैसे यूपीआयने किंवा बँकेतून द्या.
२. प्रत्येक वस्तूचा आणि तिच्या सिरियल नंबरच्या पट्टीचा फोटो काढा. यादी स्वतःला ईमेल करून ठेवा.
३. पॉलिसीच्या परिशिष्टात वस्तू नंबरसह लिहून घ्या. "कॅमेरा व इतर साहित्य ५ लाख" असं मोघम लिहिलेलं नको.
४. नवीन वस्तू घेतली की त्याच आठवड्यात कंपनीला कळवून यादीत घाला.

फोटोग्राफरांसाठी एक युक्ती. बरेच कॅमेरे फोटोच्या फाइलमध्ये बॉडीचा सिरियल नंबर लिहून ठेवतात. बिल आणि खोका दोन्ही गेलं असेल, तर जुन्या फोटोच्या ओरिजिनल फाइलची माहिती उघडून बघा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या फोटोत ती शोधू नका, तिथे ही माहिती निघून गेलेली असते.

प्रश्न चौथा: विमा किती रकमेचा?

प्रीमियम वाचवायला रक्कम कमी लिहायची, ही आपली जुनी सवय. "सगळं एकदम थोडंच जाणार आहे?" हा हिशोब कसा उलटतो, बघा.

समजा सामानाची खरी किंमत ६,००,००० रुपये आहे. तुम्ही विमा घेतला ४,००,००० चा. चोरीला गेली एक बॉडी आणि एक लेन्स, किंमत १,८०,०००. तुम्ही म्हणाल, चार लाखांचा विमा आहे, एक लाख ऐंशी हजार सहज मिळतील. मिळत नाहीत.

पॉलिसीत 'अ‍ॅव्हरेज'चं कलम असतं. तुम्ही सामानाच्या दोन तृतीयांश किमतीचाच विमा काढलाय, मग नुकसानही दोन तृतीयांशच भरून मिळणार. म्हणजे १,८०,००० गुणिले ४ भागिले ६, बरोबर १,२०,०००. त्यातून 'एक्सेस', म्हणजे क्लेममधला तुमचा स्वतःचा वाटा. उदाहरणासाठी ५ टक्के धरू, ६,००० वजा. हातात १,१४,०००. खिशातून गेले ६६,०००.

यादीतल्या प्रत्येक वस्तूवर वेगळी रक्कम लिहिलेली असेल, तर हा हिशोब त्या त्या वस्तूपुरता होतो. परिशिष्टात नाव-नंबर घालायचं आणखी एक कारण.

दुसरं म्हणजे घसारा. पॉलिसी बाजारभावाने आहे की नवीन वस्तूच्या किमतीने, ते विचारा. बाजारभावाने असेल, तर तीन वर्षं वापरलेल्या मशिनला नवीन मशिनचे पैसे मिळत नाहीत. दोन्हींत प्रीमियमचा फरक किती, ते लेखी कोटेशनमध्ये मागा आणि मग ठरवा.

परवान्याची बंदूक किंवा रायफल असेल तर?

कोकणातल्या सेशनला शेतीसंरक्षणाची बंदूक असलेले शेतकरी भेटतात, आणि शहरात रायफल शूटिंगचे क्लास चालवणारेही. आपल्याकडे शिकारीचं सामान हा प्रश्न येत नाही, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. पण खेळाच्या किंवा परवान्याच्या शस्त्राला हेच चार प्रश्न लागू होतात, आणि वर पाचवा येतो: परवान्याच्या अटी पाळल्या होत्या का? शस्त्र नियम २०१६ मध्ये शस्त्र सुरक्षित ठेवायची जबाबदारी परवानाधारकावर टाकलेली आहे. चोरी झाली किंवा हरवलं, तर पोलिसांना ताबडतोब कळवावंच लागतं, विमा असो वा नसो. इथे पैशांच्या आधी परवाना धोक्यात येतो. त्यामुळे मजबूत कपाट आधी, विमा नंतर.

चोरी झालीच, तर पहिले दोन दिवस

घाबरून लोक आधी साफसफाई करतात. शटर दुरुस्त करतात, काचा झाडतात. थांबा! तुटलेलं कुलूप हाच तुमचा पुरावा आहे. फोटो-व्हिडिओ काढा, पंचनामा होईपर्यंत हात लावू नका.

पोलीस स्टेशनला गुन्हा नोंदवा. ऑनलाइन हरवल्याची नोंद केली म्हणजे एफआयआर झाला असं नाही. चोरी असेल तर एफआयआरच हवा, आणि त्यात वस्तूंचे सिरियल नंबर, कुलूप तोडल्याचा उल्लेख, सगळं आलं पाहिजे. सही करण्याआधी वाचा. प्रवासात चोरी झाली आणि हद्दीचा घोळ असेल, तरी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कोणाचीही असली तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते. ऑनलाइन माहिती दिली, तर ३ दिवसांत जाऊन सही करायची. एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या.

त्याच दिवशी कंपनीला फोन आणि ईमेल, दोन्ही करा. उशीर झाला म्हणून क्लेम नाकारायला जागा ठेवू नका. गाडी चोरीच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये सांगितलं की एफआयआर लगेच केलेला असेल, तर फक्त कंपनीला उशिरा कळवलं म्हणून खरा क्लेम नाकारता येत नाही. पण आपण कोर्टापर्यंत जायचंच कशाला? एक ईमेल करायला दोन मिनिटं लागतात.

मग सर्व्हेअर येतो. त्याला बिलं, यादी, एफआयआर, पंचनामा द्या, आणि दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्या. माल सापडला नाही, तर कंपनी पोलिसांचा शेवटचा अहवाल मागते. महाराष्ट्रात गुन्हा खरा पण तपास लागला नाही, अशा अहवालाला 'ए समरी' म्हणतात. पोलीस स्टेशनला हाच शब्द वापरून चौकशी करा, काम लवकर कळतं. याला वेळ लागतो, त्यामुळे धंदा थांबू नये म्हणून भाड्याच्या सामानाची सोय आधीच बघून ठेवा.

क्लेम नाकारला तर लेखी कारण मागा. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लिहा. एक महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. महाराष्ट्रात मुंबई आणि पुण्याला त्यांची कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही, पण कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत जावं लागतं. विमा प्राधिकरणाच्या तक्रार केंद्राचा नंबर १५५२५५. भिंतीवर लिहून ठेवा.

मग घ्यायचा की नाही?

प्रत्येक गोष्टीचा विमा घेऊ नका. दोन हजारांचा ट्रायपॉड गेला तर धंदा बंद पडत नाही. जी वस्तू गेली तर पुढच्या महिन्याचा हप्ता भरता येणार नाही, तिचा विमा आधी. विमा स्वस्त पडावा म्हणून नको ते कव्हर काढा, पण रक्कम खोटी लिहू नका. आणि चांगलं कुलूप, सीसीटीव्ही, रोज रात्री मोजून बॅग भरायची सवय, याला पर्याय नाही. विमा पैसे देतो, ऐन लग्नसराईत गेलेली तारीख परत देत नाही.

गृहपाठ

या रविवारी एक तास काढा.

१. सगळं सामान टेबलावर मांडा. यादी करा: वस्तू, सिरियल नंबर, घेतल्याची तारीख, आजची किंमत, बिल आहे की नाही.
२. हातातली पॉलिसी काढून तीन शब्दांवर खूण करा: पत्ता, चोरीची व्याख्या, वगळलेल्या गोष्टी.
३. एजंटला मेसेज करा: "माझं सामान दुकानाबाहेर कव्हर आहे का? साधी चोरी आहे का? कामगाराने नेलं तर? कलम दाखवा."
४. यादीची बेरीज आणि विम्याची रक्कम शेजारी शेजारी लिहा. फरक किती निघतो?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर बघून बहुतेकांना धक्का बसतो. तो आज बसलेला बरा. पुढच्या व्हिडिओत क्लेमचं पत्र कसं लिहायचं, ते नमुन्यासह बघू. तोपर्यंत यादी तयार ठेवा, आणि ज्याच्या बॅगेत त्याचा धंदा आहे अशा एका तरी मित्राला हा धडा पाठवा.

भेटू पुढच्या धड्यात. धंदा जपा!